'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'चा पूर्ण बॉक्स सेट: घ्यावा का? हो, घ्या

आधी सरळ सांगून टाकते. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'चा सगळ्या एपिसोडचा डीव्हीडी सेट घ्यावा का असं ऑफिसमध्ये दोघीतिघींनी विचारलं म्हणून हे लिहायला बसले, आणि माझं उत्तर हो असंच आहे. चाळीस वर्षांपूर्वीची ब्रिटिश कॉमेडी, लंडनच्या कष्टकरी वस्तीतली, बोली कानाला अवघड, पिक्चर क्वालिटी आजच्या मानाने साधीच, तरी आमच्या कोपरखैरणेच्या घरात सासूबाईंपासून पोरांपर्यंत सगळे बसून बघतात. ती इतकी का टिकली याबद्दल मला बरंच बोलायचंय, त्यामुळे रिव्ह्यू लांबणार. घाई असेल तर डिस्कची माहिती खाली आहे, थेट तिकडे जा.

बीबीसीवर 8 सप्टेंबर 1981 ला पहिला एपिसोड लागला. डेरेक ट्रॉटर उर्फ डेल बॉय, त्याचा वयाने खूप लहान भाऊ रॉडनी आणि त्यांचे आजोबा. तिघं दक्षिण लंडनच्या पेकहॅम भागात एका उंच सरकारी बिल्डिंगमध्ये राहतात, बिल्डिंगचं नाव नेल्सन मंडेला हाऊस, लिफ्ट बहुतेक वेळा बंदच. आई वारलेली, बाप घर सोडून गेलेला, डेल स्वतःच पोरगा असताना त्याने रॉडनीला वाढवलं. धंदा म्हणाल तर मिळेल तो माल उचलायचा आणि बाजारात, रस्त्यावर, पबमध्ये जमेल तिथे खपवायचा, माल कुठून आला ते कोणी विचारायचं नाही. दाराशी पिवळी तीनचाकी व्हॅन, रिलायंट रीगल, तिच्यावर कंपनीचं नाव ट्रॉटर्स इंडिपेंडंट ट्रेडिंग आणि शाखा म्हणून न्यूयॉर्क, पॅरिस, पेकहॅम. आणि डेलचं रोजचं म्हणणं, पुढच्या वर्षी ह्या टायमाला आपण मिलियनेअर असू. गोष्ट एवढीच आहे. ह्या एवढ्याशा गोष्टीवर सात सिरीज, म्हणजे सीझन, आणि कितीतरी ख्रिसमस स्पेशल निघाले, 2003 पर्यंत. 2004 मध्ये बीबीसीने ब्रिटनची सगळ्यात आवडती सिटकॉम कोणती म्हणून प्रेक्षकांचं मतदान घेतलं त्यात हीच पहिली आली.

आता आमच्या घराचं थोडं सांगावं लागेल, कारण मी ही सिरीज ज्या डोळ्यांनी बघते ते डोळे ह्याच घरातले आहेत. सासरे एपीएमसीत माथाडी होते, कांदा बटाटा मार्केटला, गाव पाटणकडे. पाठीवर पोती वाहून घर चाललं. ते लवकर गेले तेव्हा माझा नवरा शाळेत होता आणि भाऊजींनी, म्हणजे मोठ्या दिरांनी, कॉलेज अर्धवट टाकून तुर्भ्याला जनता मार्केटजवळ रस्त्यावर माल लावायला सुरुवात केली. पावसाळ्यात छत्र्या आणि रेनकोट, जूनमध्ये दप्तरं, दिवाळीला लाइटच्या माळा, नंतर मोबाइलची कव्हरं. आज त्यांचा स्वतःचा छोटा गाळा आहे, पण ती रस्त्यावरची वर्षं त्यांच्या बोलण्यात अजून येतात.

तर डेल रस्त्यावर सुटकेस उघडून उभा राहतो आणि रॉडनी कोपऱ्यावर पोलीस येतोय का बघत राहतो, हा सीन आला की भाऊजी पुढे सरकून बसतात. सुटकेस का, तर पटकन मिटता येते. डेल गिऱ्हाइकाला नजरेने धरून ठेवतो, मालाचं कौतुक करताना मधेच कुठल्या तरी बाईची थट्टा करतो म्हणजे गर्दी हलत नाही, भाव वरून सुरू करून स्वतःच खाली आणतो आणि शेवटी आपलं नुकसान होतंय असा चेहरा करतो, आणि शिट्टी ऐकू आली की वाक्य अर्धं टाकून पळतो. आपल्याकडे स्टेशनबाहेर 'गाडी आली' म्हणून ओरडलं की चादरीची चार टोकं एकदम उचलली जातात ना, अगदी तेच. भाऊजींनी एका सीनला टीव्ही थांबवायला लावला आणि म्हणाले, हा माणूस खरा धंदा केलेल्याकडून शिकलाय, कारण त्याने माल हातात द्यायच्या आधी पैसे घेतले आणि पैसे घेताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. मी तो सीन आधी बघितला होता पण हे मला दिसलंच नव्हतं.

हे सगळं इतकं बारीक कसं आलंय ते लेखकाची माहिती वाचली की कळतं. जॉन सलिव्हन, जन्म 1946, दक्षिण लंडनमधलाच, बाप प्लंबर. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, हातात कसलं सर्टिफिकेट नाही. मिळतील ती कामं केली, मग बीबीसीत घुसायचं म्हणून तिथे सेट उचलायचं, सामान हलवायचं काम धरलं आणि तिथून स्वतःची स्क्रिप्ट लोकांच्या हातात देत देत लेखक झाला. डेल बॉय साकारणारा डेव्हिड जेसन हा ॲक्टर होण्याआधी इलेक्ट्रिशियन होता. म्हणजे लिहिणारा आणि करणारा दोघंही कामगार घरातले, दोघांनाही माहीत की महिन्याच्या शेवटी घरात काय बोलणं चालतं. वरून बघून लिहिलेली गरिबी आणि घरातून बघून लिहिलेली गरिबी यात फरक पडतो, आणि तो फरक मला ह्या सिरीजमध्ये प्रत्येक सीनला दिसतो. इथे गरीब माणूस हा विनोद नाहीये. डेलकडे पैसे नाहीत यावर कोणी हसत नाही, आपण हसतो ते तो पैसे असल्यासारखा वागायला जातो आणि मधेच कुठेतरी अडकतो त्याला. फ्रेंच शब्द चुकीच्या जागी वापरेल, पबमध्ये छत्री आणि फळं खोचलेलं रंगीत ड्रिंक मागवेल, घरात चायनीज फर्निचरपासून प्लॅस्टिकच्या फुलांपर्यंत सगळं एकत्र मांडेल, आणि त्यात त्याचा जो अभिमान आहे तो लेखकाने कुठेही तोडलेला नाही.

ट्रॉटरांचं घर नीट बघा, खरंच बघण्यासारखं आहे. दर एपिसोडला सामान बदलतं. कधी भिंतीला टेकवून खोकी, कधी टेबलावर टेलिफोनांचा ढीग, पुढच्या वेळी ते गायब आणि दुसरंच काही. माल घरातच उतरवणाऱ्यांचं घर असंच असतं. आमच्या सासूबाई म्हणतात, दप्तरांच्या सीझनला आम्ही दोन महिने दप्तरांवर झोपायचो. त्यांना इंग्रजी येत नाही, आम्ही मधे मधे सांगतो, पण ट्रॉटरांचं घर त्यांना सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र मी बघताना सारखी मनात घोळवते. डेलचं म्हणणं असं की सरकार आपल्याला काही देत नाही म्हणून आपण सरकारला काही देत नाही, ना टॅक्स ना विमा. ऐकायला भारी वाटतं, प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पण आमच्याच घरात दोन्ही बाजू आहेत. सासरे माथाडी बोर्डात नोंदणी असलेले, माथाडी कामगारांचा 1969 चा कायदा, त्यामुळे प्रॉव्हिडंट फंड होता, ते गेल्यावर काहीतरी हातात आलं. भाऊजींच्या मागे कसलंच बोर्ड नाही, एक आठवडा आजारी पडलं की आठवडा गेला. डेलचा धंदाही असाच, आणि सिरीज ते लपवत नाही. 1981 चं ब्रिटन म्हणजे मार्गारेट थॅचरचं सरकार, कारखाने बंद पडतायत, 1982 च्या जानेवारीत बेकारांचा आकडा तीस लाखांच्या वर गेलेला, पेकहॅमच्या शेजारी ब्रिक्स्टनमध्ये 1981 च्या एप्रिलमध्येच दंगल उसळलेली. अशा वेळी नोकरी शोधण्यापेक्षा सुटकेस उघडणं हे डेलला शहाणपणाचं वाटतं, आणि आपल्यालाही पटतं. ही माहिती नसली तरी सिरीज कळते, पण असली की डेलचं ते रोजचं मिलियनेअरचं वाक्य वेगळं ऐकू येतं.

आता हसण्याचं. मला वाटतं की ही सिरीज टिकायचं सगळ्यात मोठं कारण विनोदाची बांधणी आहे, आणि ती कोणी फारशी समजावून सांगत नाही. झुंबराचा एपिसोड घ्या, 'अ टच ऑफ ग्लास', डिसेंबर 1982. हे तिघं एका मोठ्या हवेलीत पोहोचतात, तिथे जुनी काचेची झुंबरं साफ करायची आहेत, डेल ठोकून देतो की आम्ही त्यातलेच एक्स्पर्ट. मग डेल आणि रॉडनी शिड्यांवर चढून झुंबराखाली कापड ताणून धरतात, आजोबा वरच्या मजल्यावर जमिनीतून त्याचा बोल्ट फिरवतायत. शेवटचा आटा राहिला म्हणून दोघं अंग घट्ट करतात, दात आवळतात. आणि त्यांच्या मागचं दुसरंच झुंबर सरळ खाली येतं, चक्काचूर. आजोबांनी भलताच बोल्ट सोडवलेला. त्यानंतर दोघं नुसते त्या कापडाकडे, मग मागे, मग एकमेकांकडे बघतात, काही बोलत नाहीत, आणि ते न बोलणं जितका वेळ चालतं तितकं हसू वाढतं. फोडायचं झुंबर एकच होतं, परत शूट करता येणार नव्हतं, म्हणून दिग्दर्शक रे बटने रॉडनी झालेल्या निकोलस लिंडहर्स्टला हसलास तर कामावरून काढीन असा दम भरलेला. त्याचा चेहरा बघा त्या सीनला, तो दम दिसतो.

महत्त्वाचं म्हणजे ही गोष्ट सलिव्हनला त्याच्या वडिलांकडून मिळालेली, प्लंबिंगच्या कामावर तसं खरंच घडलेलं. मला हे कळल्यापासून तो सीन दोनदा हसवतो आणि एकदा पोटात खड्डा पाडतो, कारण असं काही कामावर घडलं की दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नकोस म्हणतात. सिरीजमधे तिघं व्हॅनमध्ये बसून पळतात. पळून जाता येतं हीच तिथली चैन आहे.

दुसरा म्हणजे 1989 चा 'यपी लव्ह', जो सगळ्यांनी मोबाइलवर तुकड्यात बघितलेला असतो. डेल नवश्रीमंतांच्या वाइन बारमध्ये गेलाय, ट्रेंच कोट, ब्रीफकेस, मुलींवर छाप मारायचीय, मित्राला, ट्रिगरला, सांगतोय की शांत राहायचं, रुबाबात. बारच्या काउंटरची फळी वेटर उचलून बाहेर येतो, डेलला ते माहीत नाही, तो परत टेकायला जातो आणि लाकडासारखा सरळ आडवा पडतो. हात पुढे येत नाहीत, मान वळत नाही. डेव्हिड जेसनची सगळी कमाल त्यातच आहे, पडताना माणूस आपोआप स्वतःला सावरतो आणि त्याने ते सावरणं शरीरातून काढून टाकलंय. आणि ट्रिगर दुसरीकडे बघत होता, तो वळतो तर मित्र गायब. तुकडा मोबाइलवर बघून हसाल, पण पूर्ण एपिसोड बघा, कारण त्याआधी डेल कोण व्हायचा प्रयत्न करतोय ते बघितलेलं असेल तर ते पडणं नुसतं पडणं राहत नाही.

ट्रिगरचं नाव निघालं म्हणून. रस्ता झाडणारा, रॉडनीला कायम डेव्ह म्हणणारा, रॉजर लॉइड पॅकने केलाय. 1996 च्या स्पेशलमध्ये त्याला एकच झाडू वीस वर्षं वापरून कौन्सिलचे पैसे वाचवले म्हणून मेडल मिळतं, आणि तो अभिमानाने सांगतो की ह्या झाडूला आत्तापर्यंत 17 नवी टोकं आणि 14 नवे दांडे लावलेत. आमच्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशी एकदा चहाला थांबलेल्या तेव्हा हा सीन चालू होता, नवऱ्याने त्यांना सांगितलं काय चाललंय ते. त्या म्हणाल्या, बरोबरच बोलतोय की तो, झाडू तर सांभाळलाच ना त्याने. आणि मला पटलं, लेखकानेही ट्रिगरला मूर्ख म्हणून सोडून दिलेलं नाही, त्याच्या कामाची त्याला किंमत आहे.

आता ज्या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं तो. डिसेंबर 1984 मध्ये, चौथ्या सिरीजचं शूटिंग चालू असताना, आजोबा करणारे लेनर्ड पिअर्स हार्ट अटॅकने गेले. दुसरा ॲक्टर आणून आजोबा चालू ठेवणं शक्य होतं, टीव्हीवर सर्रास करतात. सलिव्हनने ते केलं नाही. त्याने सिरीजमध्येच आजोबांचा मृत्यू लिहिला आणि 'स्ट्रेन्ड रिलेशन्स' नावाचा एपिसोड अंत्यविधीपासून सुरू केला, कॉमेडी सिरीजमध्ये. कबरीत दोघं भाऊ आजोबांची हॅट म्हणून एक हॅट ठेवतात, आणि नंतर कळतं की ती पाद्रीबुवांची होती. इतक्या दुःखात हसू फुटतं आणि ते कुठे खुपत नाही. मग घरी आल्यावर रॉडनी डेलवर चिडतो की तू इतक्या लवकर हसायला खेळायला कसा लागलास, आणि डेल त्याला सांगतो की मला रडायचं कसं तेच माहीत नाही, आयुष्यभर हसत हसतच निभावून नेलंय, आता कसं वागू ते मला कळत नाहीये. हे वाक्य मी माझ्या शब्दांत सांगितलंय, त्याच्या तोंडून ऐका. आमच्याकडे तो एपिसोड झाला तेव्हा सासूबाईंनी मराठीत अर्थ विचारला, नवऱ्याने सांगितला, आणि त्या भाऊजींकडे बघून म्हणाल्या, तूपण बापाच्या दहाव्याला असाच फिरत होतास, सगळ्यांना चहा देत. भाऊजी म्हणाले, मग कोण देणार होतं.

आजोबांच्या जागी अल्बर्ट काका आले, नौदलातले, पांढरी दाढी, प्रत्येक गोष्टीत युद्धाच्या आठवणी. बस्टर मेरीफिल्ड हे आधी बँक मॅनेजर होते, रिटायर झाल्यावर ॲक्टिंगमध्ये आले. काम उत्तम, पण युद्धाच्या आठवणींचा विनोद सलग बघताना थोडा लांबतो.

बायकांच्या पात्रांबद्दल स्पष्ट बोलते. पहिल्या काही सिरीजमध्ये बायका म्हणजे डेलने पबमध्ये गाठायच्या मुली, बाकी काही नाही. त्यांचं नावही पुढच्या एपिसोडला राहत नाही. आणि रंगावरून, परदेशी लोकांवरून काही शब्द असे येतात की पोरांसमोर मी रिमोट उचलते. त्या काळातल्या टीव्हीत ते सगळीकडे होतं हे खरं, पण आज कानाला लागतं तेही खरं. 1988 च्या ख्रिसमसला रकेल येते आणि 1989 ला कॅसांड्रा, तिथून सिरीज मोठी होते, शब्दशः सुद्धा, कारण एपिसोड अर्ध्या तासावरून पन्नास मिनिटांचे झाले. कॅसांड्रा बँकेत नोकरी करते, प्रमोशन हवंय, रॉडनीच्या संशयाला कंटाळते. रकेलला ॲक्ट्रेस व्हायचं होतं ते जमलं नाही, आणि डेलबरोबर संसार करताना ती त्याच्या थापा ऐकून घेते पण मान्य करत नाही. 1991 ला त्यांना मुलगा होतो. हॉस्पिटलच्या खिडकीशी बाळ घेऊन डेल उभा असतो आणि त्याला सांगतो की मी नुसती स्वप्नंच बघितली, फार काही जमलं नाही, तू सगळं कर आणि मला येऊन सांग. इथे मी रडते. दर वेळी रडते.

पण आमच्या घरातला सगळ्यात आवडता सीन लिफ्टचा, 1996 च्या 'टाइम ऑन अवर हँड्स'मधला. कॅसांड्राचा गर्भ पडलाय, रॉडनी गप्प झालाय, तिच्याशी बोलता येत नाहीये. दोघं भाऊ लिफ्टमध्ये असताना लिफ्ट बंद पडते. बाहेर पडायचा रस्ता नाही, तेव्हा कुठे रॉडनी बोलायला लागतो आणि डेल ऐकून घेतो, सल्ला कमी आणि ऐकणं जास्त. रॉडनीचं बोलून झाल्यावर डेल हळूच लिफ्ट चालू करतो, ती त्यानेच बंद पाडलेली असते. नवरा चकित झाला, आणि भाऊजी म्हणाले, मला आधीच कळलेलं, घरात बोलला नसता तो. मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, तुला बारावीत नापास झाल्यावर मी टेम्पोत बसवून पनवेलला नेलेलं ते आठवतंय का, टेम्पोत माल काहीच नव्हता. नवऱ्याला टेम्पो आठवत होता, माल नव्हता हे त्याला त्या दिवशी कळलं.

दोन भावांच्या नात्यावर एवढं मोठं काम टीव्हीवर मी दुसरं बघितलेलं नाही. डेल रॉडनीला फसवतो, त्याचे पैसे वापरतो, चारचौघांत त्याचा पाणउतारा करतो, आणि त्याच्यासाठी स्वतःचं लग्न, स्वतःची तरुणपणाची वर्षं सोडलेली असतात. रॉडनीला ते माहीत असतं, त्याच उपकाराखाली तो चिडत असतो. दोघांपैकी कोणालाच लेखक पूर्ण बरोबर ठरवत नाही. मोठ्या भावाने वाढवलेल्या घरात हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही, मग ते घर पेकहॅमचं असो की तुर्भ्याचं. लहान असणाराही त्यात दमतो, ही बाजू आपल्याकडच्या त्यागाच्या गोष्टींमध्ये क्वचित येते, इथे ती पूर्ण येते.

29 डिसेंबर 1996 च्या 'टाइम ऑन अवर हँड्स'मध्ये ट्रॉटर शेवटी खरंच मिलियनेअर होतात. गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं पडलेलं एक जुनं घड्याळ अठराव्या शतकातल्या घड्याळजी जॉन हॅरिसनचं निघतं आणि लिलावात 62 लाख पौंडांना जातं. त्या रात्री ब्रिटनमध्ये 2 कोटी 43 लाख लोक टीव्हीसमोर होते. किंमत ऐकल्यावर डेल बेशुद्ध पडतो. पैसे आल्यावर डेल एकटाच रिकाम्या फ्लॅटमध्ये जाऊन उभा राहतो, आणि आता पुढे काय हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. तिथे सिरीज संपायला हवी होती असं माझं ठाम मत आहे. 2001 ते 2003 मध्ये आणखी तीन स्पेशल आले, त्यात पैसे गमावून ते परत त्याच फ्लॅटमध्ये येतात. तोपर्यंत अल्बर्ट काका करणारे मेरीफिल्ड आणि पबवाला माइक करणारे केनेथ मॅकडोनाल्ड दोघंही वारले होते, आणि ती माणसं नसल्याचं प्रत्येक सीनला जाणवतं. हे तिन्ही सेटमध्ये आहेत, बघायचे तर बघा, आम्ही परत लावत नाही.

आता डिस्कचं. सेट नणंदेच्या मुलाने इंग्लंडहून आणला. डीव्हीडीला जगाच्या भागाप्रमाणे रीजनचा नंबर असतो, युकेच्या डिस्क रीजन 2 च्या असतात आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन 5 चे, त्यामुळे साध्या प्लेअरवर चालणार नाहीत, सगळे रीजन चालणारा प्लेअर लागतो. वाशीच्या एका दुकानदाराने आम्हाला सगळे रीजन चालतात म्हणून प्लेअर दिला आणि तो चालला नाही, परत घ्यायलाही तयार नव्हता, तेव्हा विकत घेताना तुमची डिस्क बरोबर न्या आणि दुकानातच लावून बघा. इंग्रजी सबटायटल आहेत आणि ती चालू ठेवाच, इंग्रजी चांगलं असलं तरी ठेवा, कारण ही मंडळी भराभर बोलतात आणि अर्धे शब्द गिळतात. चित्र जुन्या टीव्हीचं आहे, चौकोनी, बाजूला काळ्या पट्ट्या येतात. ते ताणून मोठं करू नका, सगळे जाड दिसतात. आवाज मात्र स्वच्छ आहे.

एक तक्रार आहे आणि ती छोटी नाही. गाण्यांच्या हक्कांमुळे काही एपिसोडमध्ये मूळ गाणी काढून दुसरं संगीत घातलंय किंवा सीन थोडे कापलेत, आणि 1986 चा 'अ रॉयल फ्लश' तर बराच कापून, मागाहून हसण्याचा आवाज घालून दिलाय. पूर्ण सेट असं खोक्यावर छापायचं आणि आत कापलेलं द्यायचं हे मला पटत नाही. पैसे घेताना निदान स्पष्ट लिहावं.

सुरुवात कुठून करावी तर पहिल्या डिस्कपासून करू नका. पहिल्या सिरीजला तेव्हाही फार प्रेक्षक नव्हते, रिपीटमध्ये लोक जमत गेले, आणि आज बघताना ती जरा अडखळतेच. आधी झुंबराचा एपिसोड लावा, घरात सगळे असताना. मग थेट 'स्ट्रेन्ड रिलेशन्स'. ते दोन आवडले तर 1985 पासून 1996 पर्यंत क्रमाने जा, आणि पहिल्या तीन सिरीज नंतर कधीतरी, तोपर्यंत माणसं ओळखीची झालेली असतात. लहान मुलं असतील तर 1996 चा 'हीरोज अँड व्हिलन्स' हमखास चालतो, त्यात दोघं भाऊ बॅटमॅन आणि रॉबिन बनून धुक्यातून पळत येतात, आमच्या पोरांनी तो सीन इतका मागे नेऊन बघितलाय की ती डिस्क आता त्या जागी थोडी अडकते.